‘एकदा प्रयत्न करून पाहू’ म्हणण्याआधी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातील एका वाचकांनी लिहिलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वाचक ३७ वर्षांचे आहेत आणि पतसंस्थेत नोकरी करतात. पत्नी ३३ वर्षांच्या आहेत. त्यांना नऊ आणि चार वर्षांच्या दोन मुली असून दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली. आई त्यांच्याकडेच राहतात. गावाकडे थोडी बागायती जमीन आहे, मोठे बंधू पुण्याला असतात आणि त्यांना एक मुलगा आहे. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारले, तेव्हा ‘नंतर बघू’ असे उत्तर दिले गेले. आता पत्नीने तिसऱ्या अपत्याचा आग्रह धरला आहे. नात्यातल्या एका डोहाळजेवणात ‘आधी मुलग्याच्या आईला ओटी भरू दे’ असे म्हणून त्यांना मागे बसवण्यात आले, तेव्हापासून हा आग्रह वाढला आहे. मागच्या वर्षी पत्नीने माहेरच्या जमिनीचे हक्कसोडपत्र भावांना करून दिले, असाही उल्लेख पत्रात ओघाने आला आहे. मुलगा नसला तर जमीन भाऊबंदांच्या घशात जाईल, असे आईंचे म्हणणे आहे. एका नातेवाइकांनी कर्नाटकात ‘आधी पाहून सांगणारे’ ठिकाण माहीत असल्याचे सुचवले आहे. वाचक लिहितात, ‘माझ्या मुली मला जीव की प्राण आहेत. मला मुलग्याची हौस नाही, मी कधी तसे बोललोही नाही. हिचाच हट्ट आहे. हिला कसे समजवावे, की हिच्या समाधानासाठी एकदा प्रयत्न करून पाहावा?’

स. न. वि. वि.

तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत आणि नातेवाइकांची ती सूचनाही लपवली नाहीत, याबद्दल आभार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्यात गृहीत धरलेल्या एका गोष्टीपाशी मला थांबायचे आहे. मुलग्याची इच्छा पत्नीची आहे आणि तुम्ही तिच्यापासून अलिप्त आहात, असे तुम्ही मानता. ‘मी कधी तसे बोललोही नाही’ हे तुमचे वाक्य खरे असेल. परंतु ‘दोन मुलींवर आमचे कुटुंब पूर्ण झाले आहे’ असे तुम्ही आईंना, बंधूंना किंवा नातेवाइकांना कधी सांगितल्याचेही पत्रात कुठे आढळत नाही. डोहाळजेवणाहून पत्नी परत आल्या त्या दिवशी तुम्ही त्यांना काय म्हणालात, हेही तुम्ही लिहिलेले नाही. ज्या घरात आई बोलतात, नातेवाईक बोलतात आणि नवरा गप्प राहतो, त्या घरातल्या सुनेला नवऱ्याचे मौन होकारासारखेच ऐकू येते. हा दोष देण्यासाठी नव्हे, तर तुमच्या हाती असलेला आणि आजवर न वापरलेला उपाय कोणता आहे ते दाखवण्यासाठी लिहीत आहे.

दवाखान्यातले ते ‘नंतर बघू’ कोणी म्हटले, हे तुम्ही सांगितलेले नाही. कोणीही म्हटले असो, एका प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःशी प्रामाणिकपणे द्या: दुसरे अपत्य मुलगा असते, तर त्या दिवशी हेच उत्तर दिले गेले असते का? माझा अंदाज आहे की शस्त्रक्रियेच्या कागदावर त्याच वेळी सही झाली असती. आपल्याकडे बहुतेक घरांत किती मुले हवीत हे आधी ठरत नाही. कोणत्या मुलानंतर थांबायचे एवढेच ठरलेले असते. पहिला मुलगा झाला की एकावर थांबणाऱ्या जोडप्याला आपण सुधारलेले म्हणतो, आणि पहिली मुलगी झालेल्या जोडप्याला ‘दुसरा चान्स’ घ्यायला सांगतो. दोघांच्याही निर्णयामागे एकच इच्छा असते; एकाची लवकर पूर्ण झाली म्हणून ती दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत शेवटच्या अपत्याच्या लिंगावरून हीच गोष्ट तपासण्यात आली होती. मुलग्याची वाट पाहताना जन्मलेल्या, २५ वर्षांपर्यंतच्या मुलींची संख्या तिथे सुमारे २.१ कोटी अशी अंदाजलेली आहे.

कुटुंबे लहान झाली की ही इच्छा आपोआप विरून जाईल, असे अनेकांना वाटत होते. महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत, म्हणजे आपले कुटुंब खरोखरच लहान झाले आहे. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती ती २०११ च्या जनगणनेत ८९४ झाली, आणि बीड जिल्ह्यात ती ८९४ वरून ८०७ वर घसरली. मुले दोनच हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, अशी दुहेरी अट घातली की प्रत्येक गरोदरपणावरचा ताण वाढतो आणि तुमच्या नातेवाइकांसारखे ‘पत्ता’ सुचवणारे लोक पुढे येतात.

आता तुमच्या पत्नींकडे वळू. तुम्ही ज्याला हट्ट म्हणता, त्यामागे काय असेल याच्या दोन खुणा तुम्हीच पत्रात दिल्या आहेत. ओटी भरण्याच्या वेळी त्यांना मागे बसवले गेले ही एक. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते, ती हक्कसोडपत्राची. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा त्यांनी भावांना लिहून दिला. तो आनंदाने दिला की माहेर तुटू नये म्हणून दिला, हे त्यांनाच ठाऊक. पण लेकीला माहेरी काही उरत नाही आणि सासरचे घर मुलग्याच्या आईचे असते, हे त्या कोणाकडून ऐकून शिकलेल्या नाहीत. स्वतःवर आलेल्या प्रसंगांतून शिकल्या आहेत. अशा स्त्रीला मुलगा म्हणजे स्वतःच्या जागेची हमी वाटली, तर तिच्या हिशेबात चूक नाही. हिशेबातले आकडे ज्यांनी तसे ठेवले, त्यांनी ते बदलायला हवेत.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की समजावणे काही दिवस बाजूला ठेवा आणि त्यांना विचारा. घरात आई आणि मुली असताना नको. दोघेच बाहेर जा. ‘मुलगा कशाला हवा?’ असा वाद घालणारा प्रश्न विचारू नका. ‘मी नसलो तर तुला कशाची भीती वाटते?’ असे विचारा, आणि उत्तर कितीही अडखळत आले तरी मध्ये उपाय सुचवू नका. कदाचित त्यांना तिसरे मूल मनापासून हवे असेल. कदाचित त्यांना मागे बसवणाऱ्या बाईला कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते, एवढेच त्यांचे म्हणणे असेल. या दोन गोष्टींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि त्यांतली कोणती खरी आहे हे आज तुम्हालाही माहीत नाही.

जमिनीच्या भीतीबद्दल मात्र मी ठामपणे लिहू शकतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता एखाद्या पुरुषाचे निधन झाले, तर त्याची पत्नी, मुली, मुलगे आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात. त्यांच्यापैकी एकही हयात असेल तर भाऊ आणि पुतण्या यांना त्याच्या हिश्श्यातले काहीही मिळत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने तो, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, १९९४ सालीच दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा मुलगा नसल्यामुळे जमीन भाऊबंदांकडे जाते, हे आईंचे म्हणणे कायद्याला धरून नाही. त्यांच्या भीतीला आधार आहे तो व्यवहाराचा: वाटणी तोंडी राहते, फेरफार होत नाही, विधवेला तलाठी कार्यालयाची पायरी माहीत नसते, आणि मुलींना ‘सही करून टाका’ म्हणून सांगितले जाते. ही भीती नाहीशी करायला मुलगा लागत नाही, कागद लागतात. सातबाऱ्यावर आज कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. जमीन अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. बंधूंशी संबंध चांगले आहेत तोवरच वाटणीचा दस्त नोंदवा आणि मृत्युपत्र करा. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली होती. पुढे राज्य शासनानेही नवऱ्याच्या हयातीत, त्याच्या अर्जावरून, पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची तरतूद केली. ज्या स्त्रीने माहेरचा हिस्सा सोडून दिला आहे तिचे नाव सासरच्या सातबाऱ्यावर चढले, तर मुलग्याविषयीचे घरातले बोलणेच बदलेल, असे मला वाटते.

म्हातारपणच्या आधाराविषयीही थोडे. तुमच्या आई मुलाकडे राहतात हे खरे, पण त्यांच्या औषधांच्या वेळा कोण सांभाळते, हे तुम्ही आठवून पाहा. ती कोणाची तरी मुलगीच आहे. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९८७ साली सांगितले, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने मुलगा व मुलगी यांच्यात भेद ठेवलेला नाही. अर्थात कायद्याने प्रेमाने सांभाळणारे माणूस मिळत नाही, आणि ज्या मुलीच्या हातात स्वतःचे पैसे नसतात तिला इच्छा असूनही आईवडिलांकडे येता येत नाही. म्हणून तिसऱ्या अपत्यावर जो खर्च होईल त्याचा विचार या दोघींच्या शिक्षणाच्या आणि तुमच्या स्वतःच्या निवृत्तीच्या संदर्भात करून पाहा. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येते. थोरलीचे उघडले नसेल तर मुदत संपत आली आहे.

अंत्यसंस्काराचा प्रश्न पत्रात नाही, पण तो अशा घरांत असतोच. आज महाराष्ट्रात अनेक मुली आईवडिलांना अग्नी देतात आणि पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले आहे. ज्यांना विधी हवेत त्यांच्यासाठी वाट मोकळी झालेली आहे.

‘एकदा प्रयत्न’ या शब्दांकडे आता पाहू. निसर्गतः दर शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, आणि आधीच्या दोन मुलींमुळे या प्रमाणात काहीही फरक पडत नाही. तिसरे अपत्य मुलगी असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. बाळाचे लिंग वडिलांच्या शुक्रजंतूवर अवलंबून असते आणि गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. त्यानंतर दिले जाणारे कोणतेही औषध, मुळी किंवा तोडगा ते बदलू शकत नाही. अशा पुड्यांमध्ये काय असते हे कोणी सांगत नसल्यामुळे त्या गर्भाला घातक ठरू शकतात, म्हणून कोणी ‘खात्रीचे’ म्हणून काही दिले तर पत्नीला ते घेऊ देऊ नका. दोन सिझेरियननंतरच्या गरोदरपणात जुन्या व्रणावर वार (प्लॅसेंटा) चिकटण्याचा, मोठ्या रक्तस्रावाचा आणि क्वचित गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो. हा प्रयत्न पत्नीच्या शरीरावर होणार आहे, तुमच्या नव्हे. समजा, तिसरीही मुलगी झाली. मग चौथ्याचा विचार कराल का? ‘नाही’ असे उत्तर असेल तर ते आजच का देता येत नाही, आणि ‘बघू’ असे असेल तर हा प्रयत्न एकदाचा नाही.

नातेवाइकांच्या सूचनेला नकार देण्यासाठी कोणतीही वेळ पाहू नका. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ चा आहे आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वी लिंग निवडण्याच्या तंत्रांवरही बंदी आहे. राज्याची सीमा ओलांडल्याने गुन्हा बदलत नाही. तपासणीची मागणी करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा असे गृहीत धरतो की गरोदर स्त्रीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच भाग पाडले. उलट सिद्ध होईपर्यंत जबाबदारी तुमची असते. ‘तिचाच हट्ट होता’ हे वाक्य तिथे तुमच्या उपयोगी पडणार नाही. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. २०१२ साली परळीत, आधी चार मुली असलेली एक स्त्री मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपातात दगावली. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये एका विवाहितेच्या मृत्यूनंतर जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. या स्त्रियांनाही कोणीतरी ‘खात्रीचा पत्ता’ म्हणूनच नेले होते. (सुरक्षित गर्भपात कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठी वैध आहे आणि तो स्त्रीचा महत्त्वाचा हक्क आहे, बंदी आहे ती मुलगी नको म्हणून केलेल्या निवडीवर. हा फरक गावोगावी पुसट झाल्यामुळे गरजू स्त्रियांनाही दवाखान्यातून परत पाठवले जाते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.)

या सगळ्यात ज्यांच्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे त्या मुलींकडे मी मुद्दाम येतो. नऊ वर्षांच्या मुलीला आजीचे बोलणे समजते. ती विचारत नसेल, पण आपण जन्मलो म्हणून आईला मागे बसवतात, एवढे तिने जोडले असेल. तुमच्याच जिल्ह्यात २०११ साली जिल्हा परिषदेने ‘नकुशा’ नाव असलेल्या २८५ मुलींना नवी नावे दिली, हे तुम्हाला आठवत असेल. आज असे नाव सहसा कोणी ठेवत नाही, पण मुलग्याची वाट पाहणाऱ्या घरात वाढणाऱ्या मुलीला नाव न ठेवताही ते कळते. आजीसमोर, पाहुण्यांसमोर, मुली ऐकत असताना तुम्ही ‘आम्हाला दोन मुली आहेत आणि आमचे कुटुंब पूर्ण आहे’ असे बोललात, तर त्या एका वाक्याचा उपयोग तिघींना होईल.

आईंशी बोलण्याची जबाबदारी तुमचीच आहे, पत्नीवर ती टाकू नका. त्यांना जुन्या विचारांच्या ठरवून बोलायला सुरुवात केली तर त्या दुखावतील आणि राग सुनेवर निघेल. त्यांच्या काळात मुलगा नसलेल्या विधवेचे काय होत असे ते त्यांनी पाहिलेले आहे, तेव्हा त्यांची भीती मान्य करा आणि जमिनीचे कागद त्यांच्यापुढे ठेवून बोला. त्या एका दिवसात बदलणार नाहीत. त्यांनी मान्य करणे ही तुमच्या निर्णयाची अटही नसावी.

दोघांनी मिळून थांबायचे ठरवले, तर पुढचे पाऊल तुम्ही उचलावे अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. २०१९ ते २१ च्या त्याच पाहणीनुसार देशात विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांमध्ये स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि पुरुषाची फक्त ०.३ टक्क्यांमध्ये. तुमच्या पत्नीच्या पोटावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली असताना पुरुष नसबंदी हा सोपा पर्याय आहे: टाके न घालता, फक्त जागा बधिर करून ती थोड्या वेळात होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. पौरुष किंवा शेतातल्या कामाची ताकद कमी होत नाही. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी होऊन खात्री पटेपर्यंत मात्र दुसरे साधन वापरावे लागते. मन अजून पक्के नसेल तर कायमचा उपाय घाईने करू नका. तांबी बसवली तर प्रकारानुसार दहा वर्षांपर्यंत संरक्षण मिळते आणि हवी तेव्हा काढता येते.

आणि बोलण्यातून असे निघाले की तुम्हा दोघांना तिसरे मूल मूल म्हणूनच हवे आहे, तर तो निर्णयही सन्मानाचा आहे, मी त्याला नाके मुरडणार नाही. त्याची परीक्षा एकच: मुलगी झाली तर पेढे वाटाल का, आणि तेवढ्यावर थांबाल का? दोघांचे उत्तर मनापासून ‘हो’ असेल, तर गर्भधारणेपूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच्या दोन्ही सिझेरियनचे कागद दाखवा आणि मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाची तयारी ठेवा. हेही लक्षात घ्या की राज्यात दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही आणि २००५ च्या नियमांमुळे शासकीय नोकरीतही प्रवेश मिळत नाही. हे नियम मला स्वतःला न्याय्य वाटत नाहीत, कारण मुलग्याचा आग्रह घर धरते आणि पद व नोकरी बहुधा सुनेची जाते. पण ते आहेत आणि त्यांचा हिशेब धरावा लागतो.

अशाच घरातून हे सदर वाचणाऱ्या स्त्रियांसाठी दोन गोष्टी जोडतो. मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे आणि अपमान करणे हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणून स्पष्टपणे नमूद आहे. त्यासाठी मारहाण झालेली असण्याची गरज नाही. १८१ या महिला मदतवाहिनीवर किंवा तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे मदत मागता येते. तपासणीसाठी कोणी नेत असेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते.